चौकोनांचा वाफा आणि पालापाचोळ्याचा वाफा

मुंबईत घरी भाजी लावायचं मनावर घेतलं की पहिल्या आठवड्यातच दोन तऱ्हेचे सल्ले कानावर येतात. एक म्हणतो, चार फूट बाय चार फुटांची चौकट करा, वर दोऱ्या ताणून एकेक फुटाचे सोळा चौकोन पाडा आणि प्रत्येकात वेगळी भाजी लावा. दुसरा म्हणतो, माती आणूच नका. सुका पाला, उसाची चिपाडं, भाजीची देठं-सालं थरांनी रचा आणि त्यातच रोपं लावा. पहिल्याला स्क्वेअर फूट गार्डनिंग म्हणतात, दुसऱ्याला आपल्याकडे सिटी फार्मिंग हे नाव पडलं आहे. दोन्ही गच्चीवर चालतात, दोन्हींत शेतातली माती जवळजवळ नसते, दोन्हींना चौकट लागते. फोटोत तर फरक कळतच नाही. मग माणूस अर्धं इथलं, अर्धं तिथलं उचलतो, चिपाडांच्या ढिगावर दोऱ्या बांधतो, चौकोनात मोजून सोळा गाजरं पेरतो आणि महिन्याभरात पानं पिवळी, दोऱ्या लोंबकळलेल्या.

दोन्हींचा जन्म वेगळ्या अडचणीतून झाला आहे. ती अडचण समजली की घोळ बराचसा मिटतो.

मेल बार्थोलोम्यू हे अमेरिकेतले सिव्हिल इंजिनिअर. निवृत्तीनंतर ते बागकामाकडे वळले तेव्हा त्यांना खटकल्या त्या लांबच लांब ओळी. शेतात दोन ओळींमध्ये वाट सोडतात, कारण तिथून औत जातं. घरच्या बागेत औत नाही, तरी लोक वाट सोडतात, त्या वाटेलाही खत-पाणी घालतात आणि मग तिथलं तण उपटत बसतात. वर आख्खं पाकीट एका दमात पेरतात, म्हणजे एका आठवड्यात चाळीस मुळे आणि नंतर काहीच नाही. १९८१मध्ये त्यांनी पुस्तक काढून आपला हिशेब मांडला. बियांच्या पाकिटावर दोन रोपांमध्ये १२ इंच अंतर लिहिलं असेल तर चौकोनात १ रोप, ६ इंच असेल तर ४, ४ इंच असेल तर ९, ३ इंच असेल तर १६. ओळींमधलं अंतर विसरा. एक चौकोन रिकामा झाला की मूठभर कंपोस्ट घाला आणि दुसरं काहीतरी लावा. चौकट चार फुटांचीच का, तर दोन्ही बाजूंनी हात दोन फुटांपर्यंत सहज पोचतो आणि वाफ्यात पाय टाकावा लागत नाही.

म्हणजे हा मुळात जागेचा आणि अंतराचा हिशेब. मातीबद्दल त्यांचं म्हणणं नंतर पक्कं झालं. २००६च्या सुधारित पुस्तकात त्यांनी सांगितलं की जमीन खणूच नका. चौकटीत फक्त ६ इंच मिश्रण भरा: एक तृतीयांश कंपोस्ट, एक तृतीयांश पीट मॉस (दलदलीतलं अर्धवट कुजलेलं शेवाळ), एक तृतीयांश जाडं वर्मीक्युलाईट (तापवून फुगवलेलं, ओल धरणारं हलकं खनिज). ते पहिल्या दिवसापासून तयार असतं. आज भरा, आज पेरा.

आपल्याकडची वाट निराळी. श्रीपाद अच्युत दाभोलकर हे कोल्हापूरचे, गणिताचे प्राध्यापक. त्यांच्या प्रयोग परिवारानं शेतकऱ्यांना एकमेकांच्या प्रयोगांतून शिकायला लावलं, आणि दहा गुंठ्यांत एक कुटुंब नीट जगू शकतं असा त्यांचा आग्रह होता. त्यांचा सगळा भर झाडाच्या पायाशी काय आहे यावर. सूर्यप्रकाश पानांनी धरला, त्याचा पाला झाला, तो कुजून पुन्हा मुळांपाशी आला, की माती आपोआप घडते. मुंबईत डॉ. आर. टी. दोशी यांनी वांद्र्याला गच्चीवर हेच वेगळ्या सामानातून केलं: रसवंतीवाल्याकडची चिपाडं, प्लास्टिकच्या पिशव्या, घरातला ओला कचरा. पुढे मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी तिथल्याच उरल्यासुरल्यातून भाज्या आणि फळझाडं वाढवली. कँटीनचा कचरा खाली न नेता वर न्यायचा, ही त्यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट.

इथे वाफा भरल्या दिवशी तयार नसतो. तो घडावा लागतो. खाली चिपाडं किंवा नारळाच्या शेंड्या, वर भिजवून तुडवलेला पाला, मध्ये मध्ये तयार खत, सगळ्यात वर दोन-तीन इंच बारीक खतमाती. विरजण म्हणून अमृतजल: १० लीटर पाण्यात १ किलो ताजं शेण, १ लीटर गोमूत्र, ५० ग्रॅम काळा गूळ, तीन दिवस ढवळत ठेवायचं आणि वापरताना दहापट पाणी घालायचं. सातव्या मजल्यावर गोमूत्राची बादली ठेवून शेजाऱ्यांशी संबंध टिकवणं अवघड. माझ्या मते पहिल्या वाफ्याला सोसायटीच्या खतखड्ड्यातलं अर्धवट कुजलेलं खत पाण्यात कालवून शिंपडलं तरी पुरे. आणि ते मिळतं. २० हजार चौरस मीटरपेक्षा मोठ्या किंवा दिवसाला १०० किलोहून जास्त कचरा करणाऱ्या संकुलांना महापालिकेनं २०१७पासून ओला कचरा आवारातच जिरवायला सांगितलं आहे. त्यातल्या बऱ्याच ठिकाणी तयार झालेलं खत पोत्यांत पडून असतं. वॉचमनला विचारा.

आता पिवळ्या पानांचं कारण. कुजवणाऱ्या जिवाणूंना कार्बनबरोबर नत्र लागतं. साधारण ३० भाग कार्बनला १ भाग नत्र असेल तर त्यांचं काम सुरळीत चालतं. चिपाडांत कार्बन याच्या तिप्पट किंवा त्याहून जास्त. मग जिवाणू आजूबाजूचं नत्र ओढून घेतात आणि मेथी-पालक उपाशी राहतात. वरून युरियाची चिमूट टाकावीशी वाटते, पण घाई नको. पहिलं पीक चवळीचं किंवा फरसबीचं घ्या, त्यांना नत्राची ओढाताण कमी जाणवते. दुधी, भोपळा, टोमॅटो यांचं रोप दोन ओंजळी तयार खताच्या कप्प्यात लावलं तर अर्ध्या कच्च्या ढिगातही ती छान धरतात. गाजर आणि मुळा मात्र नाही. चिपाडाला टेकलं की मूळ दुभंगतं. शिवाय हा ढीग बसतो, फूटभर रचलेला काही महिन्यांत अर्धा होतो. ताणलेल्या दोऱ्यांना मग काही अर्थ उरत नाही आणि तीन इंचांवर मोजून टाकलेलं बी फटीत गायब होतं.

उलट घोळही तेवढाच होतो. कोकोपीटची, म्हणजे पीट मॉसऐवजी आपल्याकडे वापरतात त्या नारळाच्या काथ्याच्या भुशाची चौकट भरायची आणि सिटी फार्मिंगवाल्यांकडून ऐकलेलं ‘खत विकत घ्यायला लागत नाही’ हे तिथे लावायचं. कोकोपीट पाणी धरतं, हवा खेळू देतं, पण पोट भरत नाही. वर्मीक्युलाईटचंही तेच. चौकोनांच्या वाफ्यात खायला असतं ते त्या एक तृतीयांश कंपोस्टमध्ये आणि प्रत्येक पिकानंतरच्या मुठीत. ती मूठ दोनदा चुकली की तिसरं पीक खुरटतं.

सामानाचं सांगायचं तर चार बाय चारची, ६ इंच खोल चौकट म्हणजे ८ घनफूट, सुमारे २२६ लीटर. त्याचा तिसरा हिस्सा ७५ लीटर. पीट मॉस इथे शोधत बसू नका, कोकोपीट घ्या. पाच किलोची वीट भिजून फुगली की साधारण तेवढीच होते. ती दोन-तीन पाण्यांतून काढा, कारण नारळाच्या काथ्यात मीठ असतं. वर्मीक्युलाईट महाग पडतं. त्यातल्या निम्म्याच्या जागी भाताचं तूस चालतं. कंपोस्ट मात्र एकाच पोत्यातलं नको. थोडं गांडूळखत, थोडं शेणखत, थोडं सोसायटीचं, असं मिसळलं तर एकातली उणीव दुसरं भरून काढतं. हे बार्थोलोम्यूही सांगतात.

वजनाचा विचार गच्चीवर चढण्याआधी करायचा. २२६ लीटर साधी माती ओली झाली की साडेतीनशे किलोच्या पुढे जाते. वर सांगितलेलं कोकोपीटचं मिश्रण तिच्या साधारण निम्म्यावर येतं. पाल्याचा वाफा सुरुवातीला सगळ्यात हलका, पावसात भिजला की तोही हलका राहत नाही. गच्ची सोसायटीची असते, तेव्हा आधी लेखी परवानगी घ्या, वाफा कठड्याजवळ, खाली तुळई असेल तिथे ठेवा आणि विटांवर उचलून ठेवा. थेट स्लॅबवर टेकवला की वॉटरप्रूफिंगचं काम आणि खालच्या मजल्यावरच्या काकूंचं छत, दोन्ही तुमच्या नावावर येतं. खिडकीच्या ग्रिलमध्ये यातला एकही वाफा नको. तिथे दोन-चार कुंड्या ठीक.

कठड्याला लागून ठेवलेल्या वाफ्याला हात एकाच बाजूनं पोचतो. म्हणून मुंबईत चार बाय चार हा आकडा पाठ करून उपयोग नाही. रुंदी दोन फूट, लांबी चार. आठ चौकोन. पहिल्या वेळी तेवढे पुष्कळ झाले.

खोलीबद्दल माझं बार्थोलोम्यूंशी थोडं वाकडं आहे. सहा इंचांत पालेभाज्या मजेत येतात, पण एप्रिल-मेच्या गच्चीवर सहा इंच मिश्रण दुपारपर्यंत कोरडं होतं आणि वांग्याचं झाड मान टाकतं. वांगं, टोमॅटो, भेंडी लावायची तर नऊ ते बारा इंच ठेवा. पाल्याचा वाफा इथे सरस: खालचे थर ओल धरतात आणि एखादा दिवस पाणी चुकलं तरी चालतं. पावसात पुन्हा उलटं. जून ते सप्टेंबरमध्ये मुंबईत दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. कोकोपीटचा वाफा त्यात चिखलासारखा बसतो, मुळं गुदमरतात, वरचं खत धुऊन खाली जातं. जाडा पाला पाणी झिरपू देतो. चौकोनांचा वाफा असेल तर त्या चार महिन्यांत तळाला भरपूर भोकं आणि वर पारदर्शक प्लास्टिकचा उतार हवा. खाली ताटली ठेवू नका. साचलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास वाढतात.

ऊन दोघांनाही सारखंच लागतं, टोमॅटो-वांग्याला रोज सहा तास. उत्तरेकडे तोंड असलेल्या गॅलरीवाल्यांसाठी एक गंमत आहे. मुंबई १९ अंश उत्तरेला असल्यानं मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्य किंचित उत्तरेला असतो. म्हणजे तुमच्या गॅलरीत ऊन येतं ते नेमकं जूनचे ढग येण्याआधी, आणि हिवाळ्यात, जेव्हा भाज्यांचा खरा हंगाम, तेव्हा थेट ऊन जवळजवळ नाही. अशा गॅलरीत फळभाजीचा नाद सोडा. पुदिना, आळू लावा.

चौकोनातले आकडे आपल्या भाज्यांना जसेच्या तसे लागू होत नाहीत. मुळा, गाजर, कांदा १६ ठीक. पालक ९, गवार ४, मिरची १, टोमॅटो १ पण एकच खोड ठेवून काठीला बांधलेला. वांग्याला माझ्या मते दोन चौकोन द्यावेत. मेथी, कोथिंबीर, लाल माठ यांना मोजणी कसली? आपण ती कोवळीच उपटतो, तेव्हा चौकोनभर दाट विसकटा. मुंबईच्या किनाऱ्यावर वाळूत पिकणारी समुद्रमेथी तर बोटभर वाढली की जुडीत बांधली जाते.

मग पहिला वाफा कोणता? नोव्हेंबरात घरात भाजी हवी आणि हाताशी फक्त दिवाळीची सुट्टी असेल तर चौकोनांचा. पैसे जास्त जातील, पण महिन्याभरात काहीतरी ताटात पडेल. वेळ असेल तर मी दोन्ही करीन, मात्र एकामागून एक. बदाम आणि पिंपळ जानेवारी ते मार्चमध्ये पानं ढाळतात, तेव्हा पोती भरून ठेवा. आंब्याची पानं कमी घ्या, ती लवकर कुजत नाहीत. मेच्या अखेरीस दोन बाय चारची, फूट-दीड फूट उंचीची चौकट काठोकाठ रचा. पावसाळ्यात वाफ्याच्या कडेला एखादा वेल आणि चवळी असू द्या, ढीग बसेल तसा पाला वर टाकत राहा. स्वयंपाकघरातला कचरा घालाल तर तो खोल पुरा आणि शिजलेलं अन्न टाळा, नाहीतर घुशी येतात. ऑक्टोबरपर्यंत खालचं काळंभोर, भुसभुशीत झालेलं असेल. ते चाळून वरचे सहा इंच एकसारखे करा, वाटल्यास थोडं कोकोपीट मिसळा, आणि मग दोऱ्या ताणा. उत्तरेच्या रांगेत टोमॅटो, मिरची आणि वांग्याचे दोन चौकोन, म्हणजे त्यांची सावली बाकीच्यांवर पडणार नाही. पुढच्या रांगेत पालक, मुळा, कोथिंबीर, मेथी. मुळा चाळीस-पंचेचाळीस दिवसांत निघतो, मेथी त्याच्या आधी. रिकाम्या चौकोनात कंपोस्टची मूठ आणि लगेच लाल माठ. पेरलेल्या चौकोनांवर पहिले दहा-बारा दिवस जाळी घाला, कबुतरं मेथीचे दाणे एकेक करून टिपतात.