बाटलीवर नाव झाडाचं, आत गर्दी रेणूंची

कागदाचे दोन तुकडे घ्या. एकावर तिळाच्या तेलाचा थेंब टाका, दुसऱ्यावर निलगिरीच्या तेलाचा, आणि दोन्ही उद्यापर्यंत उघडे राहू द्या. पहिल्यावरचा तेलकट डाग जिथल्या तिथे असेल. दुसरा कागद जवळजवळ कोरा झालेला असेल.

दोन्हींना आपण तेलच म्हणतो, पण रसायनशास्त्रात त्यांचं एकमेकांशी नातं नाही. तिळाचं तेल म्हणजे ग्लिसरॉलला चिकटलेली लांबलचक मेदाम्लं. इतके जड रेणू हवेत उडत नाहीत. निलगिरीच्या तेलात मेदाम्लं नसतातच. त्यात असतात दहा-दहा कार्बनचे छोटे रेणू, जे साध्या तापमानालाही हवेत निसटतात. ते निसटतात म्हणूनच नाकापर्यंत पोचतात आणि वास येतो. अशा तेलांना इसेन्शियल ऑइल म्हणतात. त्यातल्या ‘इसेन्शियल’चा अर्थ ‘आवश्यक’ असा नाही. तो शब्द ‘इसेन्स’वरून, म्हणजे वनस्पतीचं सार किंवा अर्क या कल्पनेवरून आलाय. शरीराला ही तेलं अत्यावश्यक असतात असं कुणी सांगितलं, तर त्यानं शब्दकोश उघडलेला नाही एवढं नक्की.

सारच म्हणायचं तर कशाचं? लवंगेच्या तेलात साधारण ७० ते ९० टक्के युजेनॉल असतं. ओव्याच्या तेलात थायमॉलचा मोठा वाटा असतो. ते थंड केल्यावर ज्याचे स्फटिक जमतात, ते ओव्याचं फूल म्हणजे थायमॉलच. विंटरग्रीन नावाच्या झुडपाच्या तेलात तर जवळजवळ सगळं मिथाइल सॅलिसिलेटच असतं. ही झाली सोपी तेलं. गुलाबाच्या तेलात तीनशेहून जास्त घटक सापडले आहेत. बहुतेक सुगंधी तेलं या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी असतात: दोन-तीन घटक भरपूर, दहा-पंधरा थोडे आणि बाकीचे नावापुरते.

ही गर्दी पहिल्यांदा नीट मोजली ती ऑटो वालाख या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं. १८८०च्या दशकात तो बॉन विद्यापीठात होता. औषधनिर्माणशास्त्र शिकवायची जबाबदारी त्याच्या गळ्यात पडली होती, आणि तिथल्या एका कपाटात सुगंधी तेलांच्या न उघडलेल्या बाटल्या पडून होत्या. त्या काळी प्रत्येक झाडाच्या तेलातून निघालेल्या द्रवाला त्या-त्या झाडावरून वेगळं नाव द्यायची पद्धत होती, त्यामुळे नावांचं रान माजलं होतं. वालाखनं वर्षानुवर्षं त्या द्रवांपासून स्फटिक तयार केले, त्यांचे वितळणांक ताडून पाहिले आणि दाखवून दिलं, की वेगवेगळ्या नावांनी मिरवणारे कितीतरी पदार्थ मुळात एकच आहेत. पाइनमधलं पिनीन दुसऱ्या झाडातही सापडलं तरी पिनीनच. या कामासाठी त्याला १९१०चं नोबेल पारितोषिक मिळालं. झाडाचं नाव आणि रेणूचं नाव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यातून पहिल्यांदा ठसलं. बाजारात ते अजून ठसायचंय.

वालाखच्या लक्षात आलेली आणखी एक गोष्ट जास्त सुंदर आहे. या रेणूंची रचना उलगडली, की त्यात पाच कार्बनची एकच वीट पुन्हा पुन्हा दिसते. ही वीट म्हणजे आयसोप्रीन. दोन विटांचा रेणू मोनोटर्पीन: लिमोनीन, पिनीन, मेंथॉल, जेरॅनिऑल सगळे याच कुळातले. तीन विटांचा झाला की सेस्क्विटर्पीन. चंदनाचे सँटॅलॉल या जातीचे, आणि खसाच्या तेलातही मुख्य भरणा यांचाच. विटा वाढल्या की रेणू जड होतो आणि सावकाश उडतो. लिंबाचा वास काही मिनिटांत ओसरतो आणि चंदनाचा दिवसभर रेंगाळतो, त्याचं मुख्य कारण हे वजनच. (खरं तर झाड थेट आयसोप्रीन जोडत नाही. त्याच्याकडे फॉस्फेट लावलेल्या पाच कार्बनच्या दोन विटा असतात. पण हिशेब पाचाचाच.)

सगळेच घटक मात्र या विटांचे नसतात. युजेनॉल किंवा दालचिनीतलं सिनामाल्डिहाइड हे दुसऱ्या घराण्यातले, फिनिलॲलॅनिन या अमिनो आम्लापासून बनणारे. लाकडाला टणकपणा देणारं लिग्निन झाड याच वाटेनं तयार करतं.

विटा जोडायचं काम एन्झाइमं करतात, आणि त्यातली काही भलतीच उधळी आहेत. ग्रँड फर या सूचिपर्णी वृक्षातलं एक एन्झाइम एकाच कच्च्या मालापासून तब्बल ५२ वेगवेगळी संयुगं बनवतं. एका पानाच्या तेलात एवढी गर्दी होते कशी, हा प्रश्न इथे निम्मा सुटतो. तयार झालेला माल पेशीत मोकळा ठेवणं झाडालाही परवडणारं नसतं, कारण हे रेणू पेशीपटलं विरघळवू शकतात. म्हणून पुदिन्याच्या पानावर सूक्ष्म ग्रंथी असतात. आठ पेशींचं एक चक्र तेल बनवतं आणि वरच्या मेणचट पापुद्र्याखाली साठवतं. पान चुरडलं की तो फुगा फुटतो. संत्र्याच्या सालीत आणि निलगिरीच्या पानात याच कामासाठी छोट्या पोकळ्या असतात.

आता प्रमाणाकडे वळू, कारण सगळ्यात जास्त फसगत तिथे होते. संत्र्याच्या सालीच्या तेलात ९० टक्क्यांहून जास्त लिमोनीन असतं. लिंबाच्या सालीच्या तेलातही निम्म्याहून जास्त तेच. मग दोघांचे वास वेगळे का? पुष्कळ पाठ्यपुस्तकांत याचं उत्तर असं दिलेलं असतं, की लिमोनीनचा रेणू डाव्या-उजव्या हातासारख्या दोन रूपांत येतो आणि एक रूप संत्र्यात, दुसरं लिंबात असतं. उत्तर ऐकायला छान आहे, पण चूक आहे. दोन्ही फळांत मुख्यतः एकच, उजवं रूप असतं. लिंबाला लिंबूपणा देणारा खरा मानकरी म्हणजे सिट्राल, आणि ते तेलात असतं जेमतेम काही टक्के. गवती चहात लिमोनीनचा जोर नसतो, पण सिट्राल साधारण ७० ते ८० टक्के असतं. म्हणून ते गवत चुरगळलं की लिंबाची आठवण येते.

डाव्या-उजव्याची खरी गंमत पाहायची तर कार्व्होनची पाहावी. त्याचं एक रूप पुदिन्यात असतं, आरशातलं दुसरं बाळंतशेपात. अणू तेच, जोडण्या त्याच, फक्त अवकाशातली मांडणी उलटी. तरी नाकाला एक पुदिना वाटतो आणि दुसरा शेपू. वास ओळखणारे आपले ग्राही प्रथिनांचे आहेत आणि प्रथिनं स्वतःच एकाच हाताची असतात. उजव्या हातमोज्यात डावा हात नीट बसत नाही, तसंच हे.

प्रमाणाचा सगळ्यात मोठा धक्का गुलाब देतो. त्याच्या तेलात सिट्रोनेलॉल आणि जेरॅनिऑल यांचं राज्य असतं. पण ही दोन्ही शुद्ध आणून मिसळली, तर जे होतं त्याला गुलाबी साबणाच्या पुढे नेता येत नाही. १९७०च्या सुमारास गुलाबाच्या तेलातून बीटा-डॅमॅसेनोन ओळखलं गेलं. तेलातला त्याचा वाटा ०.१ टक्क्याच्या आसपास. पण आपलं नाक त्याच्याबाबतीत कमालीचं तिखट आहे: पाण्यात शंभर अब्ज भागांना एक भाग असलं तरी ते जाणवतं. गुलाबाच्या वासाचा मोठा भार हा कण उचलतो. तो बनतो कॅरोटिनॉइड रंगद्रव्यं तुटल्यावर, म्हणजे फुलाच्या रंगाच्या भंगारातून. तेव्हा ‘यात अमुक घटक ४० टक्के आहे’ हे वाक्य खरं असूनही वासाबद्दल फारसं काही सांगत नाही.

आता एक अडचणीचा प्रश्न. बाटलीत जे आहे ते झाडात होतं का? सगळं नाही. बहुतेक तेलं वाफेवर काढतात. युजेनॉलचा उत्कलनांक २५० अंशांच्या वर, तरी ते वाफेबरोबर १०० अंशांच्या आतच निघून येतं, कारण एकमेकांत न मिसळणाऱ्या दोन द्रवांचे बाष्पदाब, म्हणजे वाफ होऊन उडायचा जोर, एकत्र मोजले जातात, आणि ही बेरीज हवेच्या दाबाइतकी झाली की मिश्रण उकळतं. युक्ती नामी आहे, पण पानांना तासन्‌तास उकळत्या वाफेत ठेवायचं तर काही रेणू मोडणारच. जर्मन कॅमोमाइलचं तेल गडद निळं असतं, फुलात मात्र तो निळा पदार्थ नसतोच. फुलात असतं रंगहीन मॅट्रिसिन. ते वाफेत तुटतं आणि कॅमाझुलीन तयार होतं. गुलाबाचं उलटं होतं. ताज्या फुलातलं फिनिलएथिल अल्कोहोल पाण्यात चांगलं विरघळतं, त्यामुळे ऊर्ध्वपातनात, म्हणजे वाफेवर तेल काढताना, ते बरंचसं गुलाबपाण्यात जातं आणि तेल त्याला मुकतं. गुलाबपाणी आणि गुलाबाचं तेल यांचे वास वेगळे वाटतात ते भास नाहीत.

काढण्याची पद्धत कधी कातडीवरही उमटते. बर्गमॉट या फळाची साल दाबून काढलेल्या तेलात बर्गाप्टेन असतं. ते लावून उन्हात गेलं तर त्वचा भाजल्यासारखी होते. हा रेणू सहसा वाफेबरोबर उडत नाही, म्हणून त्याच सालीच्या ऊर्ध्वपातित तेलात हा धोका जवळजवळ नसतो. फळ एक, नाव एक, तेलं दोन. बाटली उघडी राहिली तरी तिच्यातलं रसायन पुढे सरकत राहतं. लिमोनीन आणि लिनॅलूल हवेतला ऑक्सिजन घेऊन हायड्रोपेरॉक्साइडं बनवतात, आणि त्वचेला ॲलर्जी होते ती बहुधा त्यांची. ताज्या तेलानं काही झालं नाही म्हणून वर्षभर उघड-झाक केलेलंही चालेल, हे गणित बरोबर नाही. आणि नैसर्गिक म्हणजे निर्धोक असं मानणाऱ्यांसाठी पेनीरॉयल आहे. या पुदिन्याच्याच भावकीतल्या वनस्पतीच्या तेलातलं पुलेगोन यकृताला गंभीर इजा करतं.

एकाच जातीची झाडंसुद्धा एकसारखं तेल देत नाहीत. दक्षिण फ्रान्समध्ये रानात वाढणाऱ्या थाइम या सुगंधी झुडपाचे सहा रासायनिक प्रकार आहेत. दिसायला सगळे सारखे, पण एकाच्या तेलात थायमॉल भरपूर, दुसऱ्याच्या कार्व्हॅक्रॉल, तिसऱ्याच्या लिनॅलूल, चौथ्याच्या जेरॅनिऑल. आणि ही वाटणी जमिनीवर नकाशासारखी दिसते. थायमॉल आणि कार्व्हॅक्रॉलवाले प्रकार कडाक्याच्या थंडीत तग धरत नाहीत, म्हणून थंड हवा साचणाऱ्या खोलगट भागांत बाकीचे राहतात. अलीकडे हिवाळे सौम्य होऊ लागले, तसे थायमॉल-कार्व्हॅक्रॉलवाले पूर्वी जिथे नव्हते अशा जागी दिसू लागले आहेत. अशा झाडांचं तेल विकताना नुसतं ‘थाइम’ लिहिणं म्हणजे पाकिटावर आडनाव लिहून नाव गाळण्यासारखं. जाणकार विक्रेते पुढे रासायनिक प्रकारही लिहितात.

हे सगळं उलगडून दाखवणारं यंत्र म्हणजे गॅस क्रोमॅटोग्राफ. अँथनी जेम्स आणि आर्चर मार्टिन यांनी १९५२ मध्ये ही पद्धत मांडली. लांब, बारीक नळीतून तेलाची वाफ सोडायची. हलके रेणू आधी बाहेर येतात, रेंगाळणारे मागून, आणि कागदावर शिखरांची रांग उमटते. पुढे नळीला वस्तुमान वर्णपटमापी, म्हणजे रेणूंचे तुकडे करून त्यांची वजनं पाहणारं यंत्र, जोडलं गेलं आणि प्रत्येक शिखराला नाव देणं सोपं झालं.

भेसळ करणारेही हे वाचून आहेत. लॅव्हेंडरच्या तेलात लिनॅलूल कमी पडलं, तर कारखान्यात बनवलेलं लिनॅलूल घालून शिखर हव्या त्या उंचीचं करता येतं. साध्या नळीला फरक कळत नाही. पण नळीला आतून एकाच हाताच्या रेणूंचा लेप दिला, तर ती डावे आणि उजवे रेणू वेगळे करते. लॅव्हेंडरचं झाड जवळजवळ फक्त डावं लिनॅलूल बनवतं. कारखान्यातल्या पात्रात दोन्ही निम्मी-निम्मी तयार होतात. म्हणून शुद्ध तेलाच्या आलेखात लिनॅलूलच्या जागी एक उंच शिखर उभं असतं, आणि भेसळ असली की त्याच्या शेजारी दुसरं डोकं वर काढतं.