खाटीकखान्यातून टाकीत: जिवाणूंपासून एन्झाइम काढण्याची पार्श्वभूमी

युरोपात एके काळी कातडी कमावणारे कुत्र्याची विष्ठा विकत घेत. तिच्या पाण्यात भिजवल्यावर कातडे मऊ पडते हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. का, ते ठाऊक नव्हते. जर्मन रसायनशास्त्रज्ञ ऑटो रोम यांचा तर्क असा, की हे काम विष्ठेतल्या पाचक रसांचे आहे. मग जनावराच्या स्वादुपिंडाचा अर्क वापरून त्यांनी 1908 च्या सुमारास तिला पर्याय दिला आणि 1913 मध्ये हाच अर्क कपडे धुण्यासाठी वापरण्याचे पेटंट घेतले. कल्पना चोख होती, पण साबण-सोड्याच्या तीव्र अल्कलीत तो अर्क फारसा टिकेना. शिवाय स्वादुपिंडे मिळणार खाटीकखान्यातून, म्हणजे मागणी कितीही वाढली तरी पुरवठा मांसाच्या धंद्यावर अवलंबून.

अर्कात काम करत होती ती एन्झाइम, म्हणजे सजीवांत रासायनिक क्रिया घडवून आणणारी प्रथिने. ही वस्तू तोवर नवी राहिलेली नव्हती. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ पायेन आणि पेर्सो यांनी 1833 मध्येच माल्टमधून, म्हणजे मोड आणलेल्या धान्यातून, स्टार्च फोडणारे डायस्टेस वेगळे केले होते. अडचण होती ती ढिगाने मिळवण्याची. जपानी रसायनशास्त्रज्ञ जोकिची ताकामिने यांनी 1894 मध्ये कोंड्यावर बुरशी वाढवून एन्झाइम काढण्याचे अमेरिकी पेटंट मिळवले. पुढे पहिल्या महायुद्धाच्या आसपास बोआदँ आणि एफ्राँ या संशोधकांनी बुरशीऐवजी बॅसिलस जातीचे जिवाणू घेतले. त्यांचे गिऱ्हाईक होते कापडगिरण्या. विणताना ताण्याचे सूत तुटू नये म्हणून त्याला स्टार्चची खळ लावतात आणि रंगवण्याआधी ती काढावी लागते. आम्लाने काढली तर सुताचा कस जातो. जिवाणूंचे अमायलेज, म्हणजे स्टार्च फोडणारे एन्झाइम, मात्र खळ तेवढी खाते, आणि माल्टपेक्षा जास्त उष्णता सोसते.

या जिवाणूंना हवा लागते, म्हणून ते पोषक द्रवाच्या उथळ थरावर वाढवले जात. जागा खूप अडे, आणि परका जिवाणू शिरला की सगळे वाया. ही कोंडी फोडली पेनिसिलिनने. 1940 च्या दशकात त्यासाठी खोल टाक्या, निर्जंतुक हवेचा झोत, ढवळणारी पाती आणि फेस आवरण्याच्या युक्त्या तयार झाल्या. एन्झाइम बनवणाऱ्यांना हे सारे जवळजवळ आयतेच मिळाले.

बॅसिलसचा एक गुण इथे फार मोलाचा ठरला: तो एन्झाइम पेशीबाहेर सोडतो. पेशी फोडायची गरज नाही. द्रव गाळायचा आणि आटवायचा. खोड एकच. साखर मुबलक मिळाली तर तो आळसावतो आणि एन्झाइम कमी करतो. म्हणून खाद्य एकदम न देता थोडे थोडे सोडतात.

धुलाईला हवे असलेले एन्झाइम मात्र अपघाताने हाती लागले. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत अंड्यातल्या प्रथिनाच्या द्रावणात बॅसिलस शिरला आणि त्याने ते प्रथिनच बदलून टाकले. त्या मागावर जाऊन लिंडरस्ट्रॉम-लांग आणि ओटेसन यांनी 1947 मध्ये सबटिलिसिनची, म्हणजे बॅसिलसच्या प्रथिने फोडणाऱ्या एन्झाइमची, नोंद केली. हे अल्कलीत टिकणारे! 1960 च्या दशकात ते टाक्यांत मोठ्या प्रमाणावर होऊ लागले आणि युरोपभर धुलाईच्या पावडरींत गेले.

मग 1969 मध्ये ब्रिटनमध्ये पावडरीच्या कारखान्यांतील कामगारांच्या दम्याचे अहवाल प्रसिद्ध झाले. एन्झाइमची बारीक धूळ श्वासावाटे आत जाऊन ॲलर्जी होत होती. ग्राहक बिथरले, विक्री घसरली. माझ्या मते या धंद्याला खरी शिस्त लागली ती इथे. एन्झाइमचे दाणे करून त्यांवर मेणासारखे आवरण चढवायला कारखाने शिकले. धूळ उडेनाशी झाली.

1970 च्या दशकात बॅसिलस लायकेनिफॉर्मिसचे, 105 अंश सेल्सियसलाही काम करणारे अमायलेज बाजारात आले आणि ग्लुकोजच्या कारखान्यांतून स्टार्च आम्लाने फोडण्याची पद्धत मागे पडत गेली. सबटिलिसिनची एक उणीव तेवढी उरली होती: ब्लीचपुढे ते नांगी टाकी, कारण त्यातले 222 व्या जागेवरचे मेथिओनीन हे अमिनो आम्ल (प्रथिनाच्या साखळीतला एक दुवा) ऑक्सिडाइझ होते. 1985 मध्ये संशोधकांनी जनुकात फेरफार करून त्या जागी दुसरी अमिनो आम्ले बसवून पाहिली, आणि ब्लीचला दाद न देणारे सबटिलिसिन तयार झाले. ते बनवायलाही बॅसिलसच लागला.