निरीक्षणात्मक अनुबोधपट

घडत असलेल्या प्रसंगात ढवळाढवळ न करता, निवेदन, मुलाखती व मुद्दाम घडवून आणलेली दृश्ये शक्य तितकी टाळून केलेला अनुबोधपट. हा प्रकार साधारणतः १९६० च्या सुमारास कॅनडा, अमेरिका व फ्रान्स येथे आकारास आला.

उगमाचा मान कोणाचा, याविषयी एकमत नाही. अमेरिकी लेखक बहुधा अमेरिकी निर्माते रॉबर्ट ड्र्यू यांच्या ‘प्रायमरी’पासून (१९६०) आरंभ धरतात. अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातील केनेडी व हम्फ्री यांची अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठीची पक्षांतर्गत लढत हा त्याचा विषय. तथापि कॅमेरामन मिशेल ब्रो यांनी कॅनडाच्या राष्ट्रीय चित्रपट मंडळासाठी सहदिग्दर्शित केलेल्या ‘ले राकेतर’मध्ये (१९५८) कॅमेरा हातात घेऊन, रुंद कोनाचे भिंग लावून गर्दीत शिरण्याची रीत आधीच आढळते. फ्रेंच चित्रपटकार व मानवशास्त्रज्ञ झां रूश यांनी १९६० मध्ये पॅरिसमधील ‘क्रोनिक दँ एते’च्या चित्रीकरणासाठी ब्रो यांनाच बोलावले आणि कॅनडाचे हे ऋण पुढे उघडपणे मान्य केले. हे पाहता कॅनडाचा दावा अधिक सबळ ठरतो.

तांत्रिक अडचण होती ती दृश्य व ध्वनी यांच्या मेळाची. सुटसुटीत १६ मिमी. कॅमेरा आणि कुडेल्स्की या अभियंत्याचा नाग्रा हा सुवाह्य ध्वनिमुद्रक यांमुळे दोन-तीन माणसांचे पथक पुरू लागले. मात्र आरंभी ही यंत्रे तारेने जोडलेली असत; जोडणी बिघडली की ओठ एकीकडे आणि शब्द दुसरीकडे, अशी गत होई. पुढे ड्र्यू यांच्या गटाने ॲक्यूट्रॉन घड्याळातील नादकाट्याच्या स्थिर कंपनांवर दोन्ही यंत्रांची गती बांधली आणि तारेची गरज संपली.

कॅमेऱ्याच्या प्रभावाबद्दल दोन भूमिका आहेत. ड्र्यू यांच्या गटातील चित्रपटकार रिचर्ड लीकॉक यांचा भर माणसांना कॅमेऱ्याचा विसर पडू देण्यावर होता. अमेरिकी अनुबोधपटकार फ्रेडरिक वाइजमन यांच्या मते बहुतेकांना केवळ कॅमेरा समोर आहे म्हणून आपले वागणे बदलता येत नाही. याउलट रूश व समाजशास्त्रज्ञ एदगार मोरँ यांनी कॅमेऱ्याला बोलते करणारे साधन मानले. त्यांच्या ‘क्रोनिक दँ एते’मध्ये (१९६१) सहभागी व्यक्तींपैकी मार्सलीन लोरिदाँ खांद्यावर ध्वनिमुद्रक घेऊन पॅरिसच्या रस्त्यांतून एकट्या चालतात, कॅमेरा दूर आहे, जवळ कोणी नाही, आणि त्या नाझी छळछावणीतील दिवसांविषयी व वडिलांविषयी स्वतःशीच बोलू लागतात. ध्वनिमुद्रक नसता तर हे स्वगत घडलेच नसते. याच चित्रपटात सहभागी व्यक्तींना चित्रित भाग दाखवला असता काहींना तो खोटा, तर काहींना नको इतका उघडा वाटला. प्रभाव नाकारण्यापेक्षा तो असा चित्रपटातच नोंदवणे अधिक प्रामाणिक होय.

‘ॲन अमेरिकन फॅमिली’ (चित्रीकरण १९७१, प्रसारण १९७३) या बारा भागांच्या मालिकेत एका दांपत्याचा संसार कॅमेऱ्यादेखत मोडला. त्यात चित्रीकरणाचा वाटा किती, हा वाद मिटलेला नाही.

भारतात फिल्म्स डिव्हिजनच्या (स्था. १९४८) अनुबोधपटांवर दीर्घकाळ निवेदनाचा पगडा होता. आनंद पटवर्धन यांचा मुंबईतील झोपडपट्टीवासीयांवरील ‘हमारा शहर’ (१९८५) काटेकोर अर्थाने निरीक्षणात्मक नाही. पण त्यात एक स्त्री चित्रीकरणाच्या हेतूवरच संतापून बोट ठेवते आणि दिग्दर्शकाने ते दृश्य कापलेले नाही. मानवशास्त्रीय चित्रपटकार डेव्हिड मॅक्डूगल यांनी डेहराडूनच्या दून स्कूलमध्ये दीर्घ वास्तव्य करून केलेली चित्रपटमालाही या संदर्भात महत्त्वाची आहे.