रिप्ली ‘पुरुषासाठी’ लिहिली होती?

‘एलियन’ (१९७९) या विज्ञानपटाची नायिका रिप्ली मुळात पुरुष होती, ऐनवेळी अभिनेत्री सिगोर्नी वीव्हरला घेतलं, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. तसं नाही. पटकथाकार डॅन ओबॅननच्या सुरुवातीच्या मसुद्यात रिप्ली हे नावच नाही. तिच्या जागी रोबी आहे. पात्रांचा उल्लेख आडनावांनी, आणि सोबत स्पष्ट टीप: कोणतीही भूमिका स्त्री किंवा पुरुष करू शकेल. वर्णनातली सर्वनामं पुल्लिंगी आहेत हे खरं, पण म्हणून तर ती टीप! पुढे निर्माते डेव्हिड गायलर आणि वॉल्टर हिल यांच्या पुनर्लेखनात नावं बदलली. रिप्ली स्त्री झाली ती कागदावरच. वीव्हरची निवड त्यानंतरची.

विज्ञानकथेची ॲक्शन पटकथा लिहिणाऱ्याला ही टीप फार मोलाची आहे. मराठीत मात्र ती पाळणं अवघड. ‘दार तोडतो’ लिहिताक्षणी क्रियापदच पात्राचं लिंग ठरवून टाकतं.