सान मामेस (बिल्बाओ)

सान मामेस हे स्पेनच्या उत्तरेला, बास्क प्रदेशातल्या बिल्बाओ शहरात असलेलं अथलेटिक क्लब या फुटबॉल क्लबचं होम ग्राउंड. लोक त्याला ‘ला कातेद्राल’ म्हणजे कॅथेड्रल म्हणतात. खरं तर या नावाची दोन स्टेडियम झाली, एक १९१३ ते २०१३ असं बरोबर शंभर वर्षं चाललेलं आणि दुसरं त्याला अगदी खेटून बांधलेलं आत्ताचं, पण बिल्बाओत कुणी असा हिशोब मांडत बसत नाही, त्यांच्यासाठी दोन्ही एकच. (स्पेनमधलं सगळ्यात जुनं ग्राउंड मात्र हे नव्हे, तो मान गिहोनच्या एल मोलिनोनचा.)

नावाची गोष्ट मजेशीर आहे. ग्राउंडच्या शेजारी गोरगरिबांसाठीचा एक जुना आश्रम आणि संत मामेसचं चर्च होतं, त्यावरून हे नाव पडलं. हा मामेस म्हणजे सुरुवातीच्या ख्रिश्चनांपैकी एक, रोमन लोकांनी त्याला सिंहांपुढे टाकलं आणि सिंहांनी त्याला खाल्लंच नाही, अशी आख्यायिका आहे. म्हणून अथलेटिकचे खेळाडू ‘लेओनेस’, म्हणजे सिंह. आता तसं बघितलं तर कथेतले सिंह शांत बसलेले, आणि इथे येणाऱ्या पाहुण्या टीमला मात्र तसा अनुभव क्वचितच येतो, पण टोपणनाव चिकटलं ते चिकटलंच.

क्लबची स्थापना १८९८ ची. बिल्बाओ हे लोखंडाच्या खाणींचं, जहाजबांधणीचं बंदर, त्यामुळे कामाला आलेले इंग्रज आणि इंग्लंडात शिकून परत आलेली तिथली पोरं या दोघांकडून इथे फुटबॉल आलं. आधी शहराबाहेर लामियाको आणि मग होलासेता इथे मॅचेस व्हायच्या. स्वतःचं पक्कं ग्राउंड हवं म्हणून आर्किटेक्ट मानुएल मारिया स्मिथ यांच्या आराखड्यावर १९१३ मध्ये काम सुरू झालं, आणि त्याच वर्षी २१ ऑगस्टला रासिंग दे इरुनविरुद्धच्या मॅचने उद्घाटनसुद्धा झालं. मॅच १-१ अशी सुटली. या ग्राउंडवरचा पहिला गोल मारला राफाएल मोरेनो अरान्सादीने, ज्याला सगळं स्पेन पिचिची म्हणून ओळखतं.

पिचिचीवर जरा थांबायला हवं, कारण या जागेचा सगळ्यात जुना रिवाज त्याच्याच नावाचा आहे. अंगाने किरकोळ, डोक्याला पांढरा रुमाल बांधून खेळणारा हा फॉरवर्ड १९२२ मध्ये टायफसने गेला, वय अवघं २९. १९२६ मध्ये क्लबने त्याचा अर्धपुतळा ग्राउंडवर बसवला, आणि तेव्हापासून जी टीम सान मामेसला पहिल्यांदा खेळायला येते तिचा कॅप्टन मॅचआधी पुतळ्यापाशी फुलं ठेवतो. टीम केवढी मोठी आहे, कुठल्या देशाची आहे, काही फरक पडत नाही, पहिल्यांदा आलात ना, मग फुलं. स्पॅनिश लीगमध्ये सर्वाधिक गोल करणाऱ्याला मिळणारी ‘पिचिची’ ट्रॉफी पण त्याच्याच नावाची. म्हणजे मेस्सीने कपाटात रचून ठेवलेल्या त्या पिचिची ट्रॉफ्यांचं मूळ शोधत गेलात तर याच गवतापाशी येऊन पोचता.

१९३० च्या आसपासची टीम जबरदस्त होती. कोच फ्रेड पेंटलंड हा इंग्रज, कायम बोलर हॅट घालून फिरायचा, आणि जिंकलं की खेळाडू ती हॅट हिसकावून पायाखाली तुडवायचे, मग बिचारा नवीन घ्यायचा. ८ फेब्रुवारी १९३१ ला याच ग्राउंडवर अथलेटिकने बार्सिलोनाला १२-१ असं हाणलं, एकट्या बाताने सात गोल. बार्सिलोनाचा लीगमधला हा आजही सगळ्यात मोठा पराभव आहे.

१९५३ मध्ये मेन स्टँड नव्याने बांधला आणि त्यावर ती प्रसिद्ध पांढरी कमान आली. कमान नुसती शोभेची नव्हती, स्टँडचं छप्पर तिला टांगलेलं होतं, त्यामुळे मध्ये खांब आडवे येत नव्हते आणि मागच्या रांगेतल्या माणसालाही आख्खं मैदान दिसायचं. पुढची साठ वर्षं सान मामेस म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे ही कमानच यायची.

युरोपियन कपच्या (आताची चॅम्पियन्स लीग) सुरुवातीच्या काळातल्या दोन मॅचेस इथे आवर्जून सांगायला हव्यात. नोव्हेंबर १९५६ मध्ये हंगेरीचा स्टार पुश्काश याची होनवेद ही बुडापेस्टची टीम आली, तिकडे हंगेरीत उठाव चिरडला जात होता आणि टीमला घरी जाता येत नव्हतं. अथलेटिकने इथे ३-२ जिंकलं आणि परतीची मॅच बुडापेस्टऐवजी ब्रसेल्सला घ्यावी लागली. मग १६ जानेवारी १९५७ ला कोच मॅट बझ्बींची मँचेस्टर युनायटेड. बर्फ पडत होता, मैदानाचा पार चिखल झालेला, त्यात अथलेटिकने ५-३ असं जिंकलं, आणि दुसऱ्या दिवशी विमानाच्या पंखांवरचा बर्फ युनायटेडच्या खेळाडूंनी स्वतः झाडू मारून साफ केला तेव्हा कुठे ते घरी निघाले. मँचेस्टरला मात्र ०-३ हरून अथलेटिक बाहेर पडलं.

सगळ्यात जास्त चुटपुट लावणारी रात्र १८ मे १९७७ ची. युएफा कपची फायनल तेव्हा दोन मॅचेसची असायची, तुरिनला युव्हेंटसने १-० जिंकलेलं. इथे बेत्तेगाने सातव्याच मिनिटाला गोल केला, मग इरुरेता आणि कार्लोसने दोन परत केले, २-१ जिंकलं, एकूण हिशोब २-२ आणि कप गेला युव्हेंटसला, कारण अवे गोलचा नियम, म्हणजे एकूण गोल सारखे झाले की दुसऱ्याच्या ग्राउंडवर जास्त गोल मारणारी टीम जिंकायची. म्हणजे स्वतःच्या ग्राउंडवर फायनलची मॅच जिंकूनही कप दुसऱ्याने उचलून नेला.

१९८२ च्या वर्ल्डकपसाठी डागडुजी झाली आणि इंग्लंडने पहिल्या फेरीच्या तिन्ही मॅचेस इथे खेळल्या. फ्रान्सविरुद्ध ब्रायन रॉबसनने २७ व्या सेकंदाला गोल मारला, लोक अजून खुर्चीत नीट टेकलेही नसतील. त्यानंतरच्या दोन वर्षांत, १९८३ आणि १९८४ ला, अथलेटिकने लीग जिंकली आणि नेर्व्हिओन नदीतून ‘गाबारा’ नावाच्या मालवाहू बोटीवर टीमची मिरवणूक निघाली. ती बोट नंतर पुन्हा निघायला २०२४ उजाडलं, कोपा देल रे (स्पेनचा कप) जिंकल्यावर.

जुन्या स्टेडियमची शेवटची क्षमता चाळीस हजाराच्या जरा आत होती आणि नवीन मेंबर व्हायला वेटिंग लिस्ट. शेवटी क्लब, बास्क सरकार, बिस्काया प्रांताची परिषद, बिल्बाओ महापालिका आणि बीबीके ही बँक अशा सगळ्यांनी मिळून नवीन बांधायचं ठरवलं. जागा शेजारचीच, जिथे आधी शहराचं प्रदर्शन मैदान होतं, पण ती पूर्ण पुरत नव्हती, नव्या स्टेडियमची एक बाजू जुन्याच्या जागेवरच येत होती. मग जुगाड असा केला की आधी तीन बाजू बांधायच्या, जुन्यात खेळत राहायचं, आणि मग जुनं पाडून चौथी बाजू उभी करायची. त्यामुळे टीमला एक सीझनही दुसरीकडे जावं लागलं नाही. जुन्यातली शेवटची लीग मॅच २६ मे २०१३ ला लेव्हान्तेविरुद्ध झाली, ती ०-१ हरले, आणि नव्यातली पहिली १६ सप्टेंबर २०१३ ला सेल्ता व्हिगोविरुद्ध, ती ३-२ जिंकले. तो आख्खा सीझन एका गोलपोस्टच्या मागे स्टँडच नव्हता. २०१४ च्या ऑगस्टमध्ये चौथी बाजू झाली आणि तिथे नापोलीला ३-१ हरवून अथलेटिक चॅम्पियन्स लीगमध्ये गेलं.

नव्याचे आर्किटेक्ट सेसार आस्कारते. क्षमता ५३ हजारांच्या वर, बाहेरून प्लॅस्टिकच्या पांढऱ्या पट्ट्यांसारखं आवरण, रात्री आतून लाइट लावले की नदीच्या पलीकडूनही दिसतं. एक चूक मात्र झाली होती. बिल्बाओत ‘सिरिमिरी’ नावाचा बारीक भुरभुर पाऊस पडतो, तो सरळ खाली न येता वाऱ्याबरोबर आडवा घुसतो, आणि पुढच्या रांगांतले लोक नव्याकोऱ्या स्टेडियममध्ये पैसे भरून भिजायला लागले. तक्रारी झाल्या आणि २०१६ च्या उन्हाळ्यात छप्पर आतल्या बाजूला वाढवून घ्यावं लागलं. ज्या गावात पाऊस हा रोजचा पाहुणा, तिथे हे आधीच सुचायला हवं होतं.

जानेवारी २०१९ मध्ये अथलेटिक आणि अॅटलेटिको माद्रिद यांच्यातली महिलांची कप मॅच बघायला ४८,१२१ लोक आले होते. २०२४ ला महिलांच्या चॅम्पियन्स लीगची फायनल इथे झाली, बार्सिलोनाने लिऑनला २-० हरवलं, आणि २०२५ ला युरोपा लीगची, टॉटनहॅमने मँचेस्टर युनायटेडला १-० हरवलं. १९५७ चा बर्फ झाला, आता हे, युनायटेडला बिल्बाओ कधीकधी चांगलंच महागात पडलंय.

पिचिचीचा पुतळा जुन्यातून नव्यात आणला आणि फुलांचा रिवाजही त्याच्याबरोबर आला. कमान मात्र नव्या डिझाइनमध्ये बसत नव्हती आणि भंगारात द्यायला कुणाचं मन होईना, म्हणून ती शहराबाहेर लेसामाला नेऊन उभी केली, क्लबच्या ट्रेनिंग सेंटरमध्ये. अथलेटिक फक्त बास्क मुळाचे किंवा बास्क प्रदेशात फुटबॉल शिकलेले खेळाडू घेतं, त्यामुळे बहुतेक सिंह लहानपणी लेसामातूनच तयार होऊन येतात, आणि आता ती पोरं या कमानीच्या साक्षीने प्रॅक्टिस करतात.