पार्श्वभूमी : वसतिगृहातली सर्दी आणि पाच मायक्रॉनची रेघ

कोण कुणाच्या खोलीत राहतं हे वसतिगृहाच्या रजिस्टरातच असतं, त्यामुळे साथ कशी फिरते हे पाहणाऱ्यांना ही आयती जागा. अमेरिकेत या कामाने जोर धरला तो २००६च्या सुमारास, फ्लूच्या महासाथीची धास्ती असताना. अॅन आर्बरच्या, म्हणजे मिशिगन विद्यापीठाच्या, वसतिगृहांत मास्क आणि सॅनिटायझर वाटले. दोन्ही वापरणाऱ्यांत काही आठवडे फ्लूसारखी लक्षणं ३५ ते ५१ टक्क्यांनी कमी दिसली. नुसत्या मास्कचा फायदा मात्र ठामपणे सिद्ध झाला नाही. २०१३मध्ये तिथेच आजारी मुलांना तीन दिवस खोलीत थांबवून पाहिलं, काहींच्या फोनमधल्या ब्लूटूथवरून कोण कुणाजवळ होतं हेही टिपलं.

पण घोळ होता 'थेंब' या शब्दातच. १९३४चं गणित सांगत होतं की साधारण १०० मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) मोठा थेंब वाळायच्या आत खाली पडतो, लहान वाळून तरंगतो. पुढे ही रेघ ५ मायक्रॉनवर कशी सरकली? तो आकडा क्षयाचा. जंतू फुप्फुसाच्या तळाशी पोचायला कण किती बारीक हवा, एवढंच तो सांगतो. खाली पडण्याशी त्याचा काडीचा संबंध नाही. तरी त्याच्याच जोरावर मार्च २०२०मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जगाला ठासून सांगितलं, कोरोना हवेतून पसरत नाही. आपल्याकडच्या बातम्यांत कधी 'थेंब' आले, कधी 'तुषार'. थेंब टपकतो, तुषार उडतात. मराठी वाचकाला एकाच बातमीत दोन आजार दिसावेत, असा प्रकार.

आजार हवेतून पसरतो याला पुरावा नव्हता असंही नाही. १९८०च्या दशकात अमेरिकेतल्या मॅडिसनमध्ये सर्दी झालेल्यांसोबत निरोग्यांना बारा तास पत्ते खेळायला बसवलं होतं. काहींना हात चेहऱ्याला लावताच येऊ नये अशी बंधनं घातली, तरी अशा १८पैकी १० जणांना सर्दी झालीच. तेच चिकट पत्ते दुसऱ्या खोलीत १२ जणांनी हाताळले. एकालाही झाली नाही.

कॉलेज पार्कला, म्हणजे मेरिलँड विद्यापीठात, फ्लूचे रुग्ण, बहुतेक विद्यार्थीच, श्वास गोळा करणाऱ्या यंत्राच्या शंकूत तोंड घालून अर्धा तास बसले, मधूनमधून एबीसीडी म्हणत. बारीक कणांच्या ३९ टक्के नमुन्यांत जिवंत विषाणू सापडला, तोही शिंकांशिवाय. २०१८चा हा निष्कर्ष. ५ मायक्रॉनची रेघ आरोग्य संघटनेच्या अधिकृत परिभाषेतून पुसली गेली २०२४मध्ये. तोवर त्याच आवारातल्या वसतिगृहांच्या खोल्यांत कार्बन डायऑक्साइडचे मीटर लागले होते. ज्या इमारतीत बाहेरची हवा कमी येई, तिथली मुलं जास्त आजारी पडत होती.