लॅपटॉप चार्जरची गुणगुण

लॅपटॉप चार्जरवर असताना त्याला जोडलेल्या स्पीकरमधून वा अँप्लिफायरमधून येणारा सलग घूं-घूं आवाज. चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवला की तो थांबतो. दोष ओळखण्याची हीच सर्वांत सोपी खूण. खुद्द चार्जरच्या डबीतून येणारी बारीक शिट्टी निराळी. ती आतली गुंडाळी किंवा कपॅसिटर थरथरल्याने येते, अर्थिंगशी तिचा संबंध नाही.

गुणगुणीची कारणे दोन, आणि ती एकमेकांच्या अगदी उलट. पहिले, अर्थिंग नसणे. दोन पिनी चार्जरमध्ये मेन्सची बाजू आणि लॅपटॉपची बाजू यांच्यामध्ये खरखर दाबणारा एक छोटा कपॅसिटर असतो. तो २.२ नॅनोफॅरडचा असेल, तर २३० व्होल्ट, ५० हर्ट्‌झला त्यातून सुमारे ०.१६ मिलिअँपिअर प्रवाह झिरपू शकतो. धातूच्या लॅपटॉपवर बोटे फिरवताना झिणझिणते ते यामुळेच. हाच प्रवाह ऑडिओ केबलच्या आतल्या तारेभोवती विणलेल्या जाळीतून अँप्लिफायरकडे वाट काढतो. तीन पिनी चार्जर लावला, पण बोर्डात अर्थिंगची हिरवी तार नुसतीच लोंबत असेल, तर काहीच साधत नाही.

दुसरे कारण दुहेरी अर्थिंगचे. गणपतीच्या मांडवात लॅपटॉप स्टेजजवळच्या बोर्डावर आणि अँप्लिफायर दुसऱ्या टोकाच्या बोर्डावर असतो. दोन्हींना अर्थिंग असते, पण त्यांची व्होल्टेजची पातळी तंतोतंत सारखी नसते. मग ऑडिओ केबलची जाळी हाच त्यांना जोडणारा पूल होतो आणि ५० हर्ट्‌झची गुणगुण गाण्यात मिसळते.

सोलापुरात उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो, काळी माती भेगाळते. तेव्हा सगळा दोष अर्थिंगची तार जिथे जमिनीत उतरते त्या सुकलेल्या खड्ड्यावर ढकलणे सोपे असते. पण खड्ड्याचा रोध १०० ओहम झाला, तरी वरच्या गळतीने जेमतेम १६ मिलिव्होल्ट चढतात; झिणझिण्यांचे मूळ बहुधा तुटलेल्या तारेत असते. यंत्रमागाच्या जुन्या मोटारींची गळतीही त्याच खड्ड्यात उतरत असेल, तर मात्र गणित बदलते. शिवाय शॉर्ट झाल्यावर वाचवणारा तोच खड्डा, म्हणून त्यात कोळसा, मीठ भरून पाणी ओतत राहण्याची रीत रास्तच आहे.

उपाय म्हणजे लॅपटॉप आणि अँप्लिफायर एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर घेणे. तेवढ्याने भागले नाही, तर ऑडिओ केबलमध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर, म्हणजे तारांची थेट जोड तोडून फक्त आवाजाचा सिग्नल पुढे देणारी डबी, बसवणे. अर्थिंगची पिन मोडूनही दुहेरी अर्थिंगची गुणगुण जाते, पण पुढे अँप्लिफायरमध्ये बिघाड झाला तर धातूच्या माइकवाटे २३० व्होल्ट गाणाऱ्याच्या हातात येऊ शकतात.